जर्मनीचा लांब मुक्कामाचा व्हिसा: अपॉइंटमेंट नेमकी कोणती घ्यायची?

शेवंती | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

धागा काढायला उशीरच झाला, कारण गेले पाच दिवस स्वतःवरच चिडून होते.

नवरा मागच्या वर्षापासून जर्मनीत, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना). मला त्याच्याकडे राहायलाच जायचंय. अपॉइंटमेंट शोधायला बसले तर नॅशनल व्हिसाचं कॅलेंडर सगळं राखाडी. शेजारी शेंगेनमध्ये, म्हणजे थोड्या दिवसांच्या व्हिसात, ‘कुटुंबीय किंवा मित्रांना भेट’ असा प्रकार दिसला आणि त्यात पुढचाच गुरुवार हिरवागार. म्हटलं, नवरा म्हणजे कुटुंबीयच की! मावसभाऊ म्हणाला, “घेऊन टाक, आत गेल्यावर बघतात काय ते.”

सकाळच्या सिंहगडने मुंबई गाठली. फाइल दोन किलोची, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, वर लग्नाचे फोटो. व्हिसा केंद्राच्या काउंटरवरच्या मुलीने पहिलं पान पाहिलं, मग अपॉइंटमेंटचा कागद, मग परत पहिलं पान. “मॅडम, फॉर्म नॅशनलचा भरलाय आणि वेळ शेंगेनची घेतलीय. हे मला घेताच येणार नाही.” चूक माझीच, तिला काय बोलणार! अकराची वेळ होती, अकरा वाजून सात मिनिटांनी मी रस्त्यावर होते. दुपारभर दादरला बहिणीकडे बसून कांदेपोहे खाल्ले आणि रडले.

तर, माझ्यासारखीने नेमका कोणता प्रकार निवडायचा? आणि तारखा कधी उघडतात, कुणाला काही अंदाज?

---

राईनकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ११.२५

शेवंती, वाईट वाटून घेऊ नका. निम्मे लोक इथेच घसरतात. आपल्या डोक्यात ‘कोणाकडे जायचंय’ हे असतं. त्यांची यादी ‘किती दिवस आणि कशासाठी’ यावर बेतलेली असते.

९० दिवसांच्या आत परत येणार असाल तर शेंगेन, म्हणजे सी प्रकार. त्यापुढे राहायचं असेल तर नॅशनल, म्हणजे डी प्रकार. डीच्या पोटात मग शिक्षण, नोकरी, ब्लू कार्ड, चान्सनकार्टं (नोकरी शोधायला जायचं कार्ड) वगैरे. तुमचा प्रकार ‘फामिलिएननाखत्सुग’, म्हणजे कुटुंबाने मागाहून येणं. त्यातही जोडीदार, मुलं, आईवडील असे फाटे आहेत. तुम्ही जोडीदार. नवरा ब्लू कार्डवर आहे म्हणून ‘ब्लू कार्ड’वर क्लिक करू नका, तो त्याचा प्रकार झाला.

चुकीच्या खिडकीत शिरलोय हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो: फी. शेंगेनची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे. नॅशनलची ७५, आणि लहान मुलांना त्याच्या निम्मी. रुपयांतला आकडा युरोत करून बघा. ९०च्या आसपास येत असेल तर तिथूनच मागे फिरा. (केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, ते धरू नका.)

कागदही वेगळे. शेंगेनला परतीचं तिकीट आणि ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तुम्ही परतणारच नाही, तर परतीचं तिकीट कशाला? तुम्हाला उतरल्या दिवसापासून तिकडच्या आरोग्य विम्यात नाव लागेपर्यंत चालणारा विमा हवा. नवरा सरकारी क्रांकनकास्सेत (आरोग्य विमा संस्थेत) असेल आणि तुमची कमाई नसेल, तर त्याच्याच विम्यात तुमचं नाव फुकट लागतं.

शिवाय १ जानेवारी २०२५ पासून जर्मन परराष्ट्र खात्याचं ऑनलाइन पोर्टल जगभर सुरू झालंय. नॅशनलचे २८ प्रकार त्यावर भरता येतात. ते प्रश्न विचारत विचारत तुम्हाला तुमच्या प्रकारापर्यंत नेऊन सोडतं, त्यामुळे मावसभावाची गरज लागत नाही. बोटांचे ठसे द्यायला आणि मूळ कागद दाखवायला मात्र स्वतः जावं लागतंच.

आणि हो, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन ए१च्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, परीक्षेची अट नाही. कुणी क्लासवाला घाबरवत असेल तर ऐकू नका. भाषा शिका, पण तिथे भाजी घेता यावी म्हणून.

---

तर्री_जास्त | १० सप्टेंबर, सकाळी ८.०५

एक बाळबोध शंका. शेंगेन लवकर मिळतो ना? मग तोच घ्यायचा, नवऱ्याकडे जायचं आणि तिथल्या ऑफिसात बदलून घ्यायचा. माझ्या मित्राच्या ओळखीत एकाने केलंय म्हणे.

---

राईनकाठ | १० सप्टेंबर, सकाळी ८.३०

तो ‘ओळखीतला एक’ मला अजून भेटायचाय. :)

नको हो! राहण्याचा परवाना हवा असेल तर त्या कारणाचा व्हिसा घेऊनच देशात यायचं, असं तिथला कायदा म्हणतो. अपवाद आहेत, पण ते मोजके आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. डी व्हिसा संपत आला आणि तुम्ही वेळेत परवान्याचा अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत राहता येतं. सी व्हिसाला ही सवलत कायद्यानेच नाकारलीय. म्हणजे ९० दिवस नवऱ्याबरोबर काढायचे, मग मुंबईला परत यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत.

---

निळावंती | १० सप्टेंबर, सकाळी ९.५०

वरच्याला जोड. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांच्या पासपोर्टवाल्यांना व्हिसाशिवाय जाऊन तिथेच परवाना मागता येतो. माझ्या दिराचा पासपोर्ट अमेरिकन, तो तसाच गेला. मग घरातल्या सगळ्यांना वाटलं, असंच असतं. मी मात्र भारतीय पासपोर्टवर, मला मुंबईच्या खेपा. दोन्ही पासपोर्ट निळेच, पण निळ्यानिळ्यात फरक असतो.

---

शेवंती | १० सप्टेंबर, दुपारी १.१५

राईनकाठ, तुम्ही आधी भेटला असता तर सिंहगडचं भाडं वाचलं असतं.

आज एका एजंटचा फोन आला होता. स्लॉट काढून देतो म्हणे, आठ हजार. “आमच्याकडे तारखा असतात मॅडम.” खरंच असतात का?

---

कोकणकडा७ | १० सप्टेंबर, दुपारी २.००

अपॉइंटमेंट घ्यायला पैसे पडत नाहीत. जे काय भरायचं ते फी आणि सेवाशुल्क. आठ हजार कशाचे, ते त्यालाच विचारा.

वेळ तुमच्या नावावर आणि पासपोर्ट नंबरवर असते. दुसऱ्याच्या नावावर अडवून ठेवलेली तारीख तुमची होत नाही, दारातच पासपोर्ट ताडून बघतात. तारखा दिसतात त्या लोकांनी रद्द केलेल्या. मी रोज सकाळी चहाबरोबर एकदा आणि रात्री झोपताना एकदा पाहायचे. नवव्या दिवशी मिळाली. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करू नका, खातं काही काळ बंद पडतं. माझं पडलं होतं.

मूल बरोबर असेल तर त्याची वेगळी वेळ घ्या. मांडीवर बसतं म्हणून ते तुमच्या वेळेत बसत नाही.

---

हेब्बाळचा_पुणेकर | १० सप्टेंबर, संध्याकाळी ७.२०

कुठे अर्ज करायचा हेही बघा. जर्मनीचे दूतावास-वाणिज्य दूतावास मिळून भारतात पाच ठिकाणी आहेत: दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर, कोलकाता. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. पण हे राहत्या पत्त्यावर ठरतं, मूळ गावावर नाही. मी सहा वर्षं बंगळूरात, आधार मात्र सदाशिव पेठेचं. वेळ मुंबईची घेतली आणि कंपनीचं पत्र बंगळूरचं जोडलं. पुढचं सांगत बसत नाही.

---

बाबांची_लेक | १० सप्टेंबर, रात्री ९.३५

नाव! नावाबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

आपल्या मराठी पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि त्याला लागून वडिलांचं (किंवा लग्नानंतर बदललं असेल तर नवऱ्याचं) असे दोन शब्द असतात. बुकिंग करताना आपण सवयीने नुसतं स्वतःचं आणि आडनाव टाकतो. मग पासपोर्टवर तीन शब्द, अपॉइंटमेंटवर दोन. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्यात जे आहे तेच अक्षर न् अक्षर टाका. लग्नाच्या दाखल्यावर नाव वेगळं असेल तर तेही आधीच निस्तरा.

आणि पुढची गंमत ऐका. जर्मनीत ते दोन्ही शब्द तुमचं पहिलं नाव होऊन बसतात. बँकेचं कार्ड, आरोग्य विम्याचं कार्ड, ट्रामचा पास, सगळीकडे माझे बाबा माझ्याबरोबर हिंडतात. ऑफिसात रुजू झाले तेव्हा आयटीवाल्याने ईमेल आयडी बाबांच्या नावाने काढला होता. बाबा खूश!

---

तर्री_जास्त | १० सप्टेंबर, रात्री ९.५०

शेवंतीताई, लग्नाच्या दाखल्याला अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का) करून घ्या हां. मंत्रालयाच्या चकरा आत्ताच सुरू करा.

---

राईनकाठ | १० सप्टेंबर, रात्री १०.१०

तर्री, तुमचा उत्साह चांगला आहे. पण जर्मनीसाठी नाही चालत. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का लागूच नाही. शंका आली तर ते लोक इथल्या वकिलामार्फत कागद तपासून घेतात आणि त्याचा खर्च आपल्यावर पडतो. फ्रान्स किंवा नेदरलँड्सला जाणाऱ्यांना अपोस्टिल लागतं, म्हणून ही गल्लत होते.

---

मडगावकार | ११ सप्टेंबर, सकाळी ७.४०

आमचं गोंयकारांचं जरा निराळं, म्हणून लिहितोय. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे भारतीय. मी जर्मनीत कामाला. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, मी जर्मनीत परका, पण युनियनचा नागरिक. अशा माणसाच्या जोडीदाराला हा नॅशनलचा सगळा खटाटोप नाही. प्रवेशाचा व्हिसा मिळतो, त्याला फी नाही, आणि तिथे गेल्यावर पाच वर्षांचं निवास कार्ड. बुकिंगमध्ये युनियन नागरिकाच्या कुटुंबीयांचा प्रकार निराळा असतो, तोच धरायचा. आम्ही नॅशनलमध्ये वेळ घेऊन दोन महिने थांबलो. कुणी सांगितलंच नाही!

हे नवरा जर्मन असेल तर लागू होत नाही. ऐकायला उफराटं आहे, पण तसंच आहे.

---

भाचीची_मावशी | ११ सप्टेंबर, दुपारी १२.३०

भाची मास्टर्सला चाललीय. एपीएसचा, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा, दाखला अजून आला नाही, पण वेळ घेऊन ठेवू का?

---

कोकणकडा७ | ११ सप्टेंबर, दुपारी १२.५५

नका घेऊ. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सक्तीचं आहे, ते नसेल तर वेळ फुकट जाईल. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरोही तयार हवेत.

---

शेवंती | ११ सप्टेंबर, रात्री ८.४५

आता मला वाटतं, त्या मुलीने फाइल घेतली नाही हे बरंच झालं. समजा घेतली असती आणि चुकीच्या प्रकारात नकार आला असता तर?

---

राईनकाठ | ११ सप्टेंबर, रात्री ९.२०

तर फी गेली असती आणि नकाराची नोंद राहिली असती. आधी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फुकट फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून तो मार्ग जगभर बंद केलाय. आता एक तर नवा अर्ज, नवी फी, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. तेव्हा तिला मनातल्या मनात एक कांदेपोह्यांची बशी द्या.

नवरा अजून निघायचाच असेल अशांसाठी आणखी एक सांगून ठेवतो. कंपनी तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. पूर्वसंमतीचं पत्र आलं की तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ द्यावी लागते. बरोबर निघणाऱ्या बायकामुलांनाही त्यात घेता येतं. पण त्यांचा बुकिंगचा प्रकार वेगळा, साध्या रांगेत शिरू नका. शेवंतींना आता याचा उपयोग नाही, नवरा गेला पुढे.

---

बाबांची_लेक | १२ सप्टेंबर, रात्री १०.०५

सगळे मुंबईच्या अपॉइंटमेंटवरच अडकलेत. खरी गोष्ट तिथे उतरल्यावर सुरू होते, म्हणून लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

डी व्हिसा म्हणजे घरात शिरायची किल्ली, घर नव्हे. स्टिकरवर काही महिन्यांची, फार तर वर्षाची मुदत असते, आणि त्या मुदतीत परवान्याचं कार्ड मागायचं असतं. क्रम असा: राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला म्हणतात आन्मेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नवऱ्याचं घर असलं तरी तुमच्या नावाचं वेगळं पत्र. मग परदेशी नागरिक कार्यालयाचा टर्मिन. (अपॉइंटमेंट हा शब्द तुम्ही विमानतळावरच विसराल. टर्मिन, टर्मिन आणि टर्मिन.)

इथेही तीच मेख. कार्यालयाच्या संकेतस्थळावर पहिल्यांदा परवाना देणं, मुदत वाढवणं, जुन्या पासपोर्टवरचा परवाना नव्या पासपोर्टला जोडणं, तयार कार्ड उचलणं, या सगळ्यांना वेगवेगळे टर्मिन. मी ‘मुदत वाढवणे’ घेतला, कारण व्हिसाची मुदत वाढवायचीय असं मला वाटलं. आमच्या शहरातल्या बाईंनी चष्म्यावरून बघून सांगितलं, तुमच्याकडे वाढवण्यासारखं अजून काही नाहीच. बरोबरच होतं म्हणा.

टर्मिन लांबचा मिळाला तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. व्हिसा संपायच्या आत अर्ज लेखी किंवा ऑनलाइन पोहोचला पाहिजे आणि त्याची पोच जपून ठेवली पाहिजे. मग हातात येतो फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निकाल लागेपर्यंत राहता येतं असं सांगणारा कागद. उच्चार जमला नाही तरी चालेल, मला दोन वर्षं जमला नव्हता. घडीचा कागद असतो, आत तीन चौकोन, त्यातल्या एकावर फुली. तिसऱ्यावर, म्हणजे तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१च्या चौथ्या पोटकलमावर असेल, तर भारतात जाऊन परत येता येतं. पहिल्यावर असेल तर बाहेर पडलात की परत शिरता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीने भावाच्या लग्नाचं तिकीट काढून मग तो कागद उलगडून बघितला. फुली पहिल्यावर होती. लग्न तिने फोनवर पाहिलं, इकडे रात्रीचे साडेतीन वाजले होते.

---

अण्णा_जळगाव | १३ सप्टेंबर, सकाळी ६.१५

नमस्कार. वय ६८. मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे, म्हणतो दोघंही इकडेच या. आम्हांला ‘कुटुंब’ या प्रकारात जाता येतं का? सूनबाईंच्या मागे रांगेत उभे राहू.

---

राईनकाठ | १३ सप्टेंबर, सकाळी ९.४०

अण्णा, नमस्कार. मुलाला कुशल कामगार म्हणून पहिला परवाना १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर मिळाला असेल तर आईवडिलांना नेता येतं. त्याआधीचा असेल तर हे दार बंद, मग ९० दिवसांची भेट, म्हणजे शेंगेन. तुमच्यासाठी ‘कुटुंबीयांना भेट’ हाच खरा प्रकार!

तारीख जमली तरी अडतं ते आरोग्य विम्यापाशी. तुमचा खर्च आणि विमा मुलाला दाखवावा लागतो, आणि या वयात तिथल्या खासगी कंपन्या सहजी विमा देत नाहीत. मुलाला सांगा, आधी विम्याचं पत्र मिळव, मग वेळ घेऊ.

---

अण्णा_जळगाव | १३ सप्टेंबर, सकाळी १०.०५

परवाना २०२१चा आहे. ठीक. भेटीलाच जाऊ. तिकडे एप्रिलात थंडी असते का?

---

निळावंती | १३ सप्टेंबर, सकाळी १०.३०

असते अण्णा. मे धरा. भरीत एप्रिलात इथेच खाऊन घ्या.

---

शेवंती | १७ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.२०

मंडळी, काल झालं! पुन्हा गुरुवार, पुन्हा सिंहगड, पण यावेळी कागदावर ‘नॅशनल, कुटुंब, जोडीदार’. तारीख रात्री झोपताना दिसली, कोकणकड्याचा मंत्र. बुकिंगमध्ये नाव पासपोर्टच्या तळाच्या ओळीतून बघून टाकलं. फी ७५ युरोच्या हिशेबाने, तिथेच मला हुश्श झालं.

काउंटरवर तीच मुलगी. ओळखलं नसावं तिने. चाळीस मिनिटं लागली. लग्नाच्या फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही.

आज वसुबारस. आई म्हणाली, आता दिवाळीत तरी तो लॅपटॉप मिटव.

---

शेवंती | ५ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ६.१०

पासपोर्ट आला. प्रकार डी. नाव तीन शब्दांचं, बरोबर. खाली जर्मनमध्ये लिहिलंय की नोकरीधंदा करायला मुभा आहे. ती ओळ नवऱ्याला तीनदा वाचून दाखवायला लावली.

---

बाबांची_लेक | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

अभिनंदन! निघण्याआधी एक काम नवऱ्याला लावा. खालच्या पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवायला सांगा. तुमचं आडनाव माहेरचं आहे ना? पेटीवर नुसतं त्याचं असेल तर पोस्टमन तुमची पत्रं परत नेतो, आणि तिकडे टर्मिनपासून विम्यापर्यंत सगळं पत्रानेच येतं.

---

शेवंती | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.५५

आठ दिवस झाले येऊन. आन्मेल्डुंग झालं, कार्यालयाचा टर्मिन मार्चचा आहे, ‘पहिल्यांदा परवाना’ हाच प्रकार, दोनदा तपासला.

पेटीवर नाव लागलंय. नवऱ्याने पासपोर्ट समोर ठेवून जसंच्या तसं टाइप केलं, त्यामुळे आडनावाच्या आधी बाबांचंही नाव आलं. त्याचं मात्र नुसतं आडनाव. काल बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “वेलांटी चुकलीय.” म्हटलं, बाबा, ते इंग्रजीत आहे.